जमीनजुमला आणि मध्यस्थ : एक प्रस्तावना

जमीनजुमल्याच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करून उपजीविका करणाऱ्या मंडळींसाठी मराठीत एखादे मार्गदर्शक पुस्तक असावे, आणि तेही अहमदनगर जिल्ह्यातील (शासनदप्तरी २०२४ पासून अहिल्यानगर) व्यवहार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असावे, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास किंचित चमत्कारिक वाटेल. कारण दलाल हा इसम आपल्या समाजाने फारसा आदरास पात्र मानलेला नाही, आणि ज्याच्यावाचून व्यवहार एक पाऊल पुढे सरकत नाही त्याच्याविषयी चार बरे शब्द बोलण्याचीही आपल्याकडे चाल नाही. सोयरीक जमवणाऱ्यास आपण पहिल्या पंगतीत बसवतो. जमीन जमवून देणाऱ्यास मात्र खरेदीखतावर सह्या होताच, त्याच्या टक्क्यावरून घासाघीस करीत, कचेरीच्या आवारातूनच वाटेला लावतो. ह्या अनादराचे बरेचसे कारण दलालांनी स्वतःच पुरवले आहे, हे प्रस्तुत पुस्तकाच्या लेखकाने पहिल्याच प्रकरणात आडपडदा न ठेवता लिहिले आहे, आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी का होईना, पुस्तकाची पाठराखण करण्यास मी आनंदाने तयार झालो.

जमिनीच्या कागदांशी आमच्या जिल्ह्याचा संबंध फार जुना आहे, आणि तो सर्वस्वी सुखाचा नाही. निजामशाहीच्या उत्तरकाळात मलिक अंबराने जमिनीची पाहणी व प्रतवारी करून धारा बांधून दिला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याहून मननीय इतिहास पुढचा आहे. इंग्रजी अमदानीत पैमाश झाली, सर्व्हे नंबर पडले, आणि ज्या जमिनीकडे कुणबी वडिलोपार्जित वतन म्हणून पाहत होता ती गहाण टाकता व विकता येण्याजोगी जिन्नस झाली. तिच्यावर लिहिली गेलेली खते ज्याला वाचता येत होती तो सावकार, आणि ज्याला वाचता येत नव्हती तो ऋणको, अशी गावाची सरळ विभागणी झाली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमावाने सावकारांच्या पेढ्यांतून खतपत्रे बाहेर काढून त्यांची होळी केली, आणि ते लोण पारनेर, श्रीगोंदे, नगर ह्या आमच्या तालुक्यांत येऊन पोचले. (ते सुपे बारामतीकडचे, आज जेथे औद्योगिक वसाहत उभी आहे ते पारनेर तालुक्यातील सुपा निराळे, आणि ही गल्लत सहज होण्याजोगी आहे.) दंगेखोरांचा रोख माणसांवर फारसा नव्हता, त्यांना हवा होता तो कागद. पुढे सरकारने चौकशी-आयोग नेमला, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांपुरता दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करून शेतकऱ्याचे दस्त गावनिबंधकासमक्ष व्हावेत अशी तजवीज केली. आपण कशावर अंगठा उठवीत आहोत हे अंगठा उठवणाऱ्यास समजलेच पाहिजे, एवढे तत्त्व त्या तजविजीच्या मुळाशी होते.

आज अंगठ्याची जागा बहुतेक ठिकाणी सहीने घेतली असली, आणि सातबारा घरबसल्या भ्रमणध्वनीवर पाहता येत असला, तरी समजण्याच्या बाबतीत आपण फार पुढे आलो आहोत असे मला वाटत नाही. पदवीधर गिऱ्हाईक उतारा हातात धरतो, वरचे गावाचे नाव आणि क्षेत्राचा आकडा पाहतो, मालकाच्या नावाशी समोरच्या माणसाचे नाव ताडतो, आणि मान हलवून तो घडी करून खिशात ठेवतो. त्या उताऱ्यावर जे लिहिले आहे त्याचा अर्थ सांगणारा त्याच्या शेजारी एकच माणूस उभा असतो, तो म्हणजे मध्यस्थ. आणि व्यवहार बसला तरच त्या माणसाला काही मिळणार असते. सर्व प्रश्नाची गुरुकिल्ली ह्या एका परिस्थितीत आहे. मध्यस्थाने गिऱ्हाइकाची सेवा अधिक चांगली कशी करावी, ह्याचे माझ्या अल्पमतीप्रमाणे एकच उत्तर संभवते: जो व्यवहार होऊ नये तो त्याने विसार देण्यापूर्वी थांबवावा, आणि तो थांबवण्याचा मोबदला त्याला मिळेल अशी सोय असावी. पुस्तकातील बाकी सर्व उपदेश, म्हणजे वेळेवर जाणे, फोन उचलणे, गोड बोलणे, जागा दाखवताना घाई न करणे, हा चांगलाच आहे. पण तो कापडाच्या दुकानदारालाही करता येईल.

आमच्या जिल्ह्यात हे थांबवण्याचे काम किती बिकट आहे, हे परगावच्या वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्राचा, चौदा तालुक्यांचा, राज्यातील सर्वांत विस्तीर्ण असा हा जिल्हा. आणि त्यातील प्रत्येक तालुक्यात जमिनीला निराळा अडसर आहे. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घ्यावयाची तर जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आडवे येते, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून झालेला व्यवहार कितीही वर्षे बिनबोभाट वहिवाटीत असला तरी त्याचा पाया कच्चाच राहतो. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव ह्या पट्ट्यात साखर कंपन्यांनी एके काळी खंडाने घेतलेल्या, कमाल जमीनधारणा कायद्याने शासनाकडे जाऊन १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाच्या ताब्यात पडलेल्या, आणि दीर्घ लढ्यानंतर खंडकऱ्यांच्या वारसांकडे परत येऊ लागलेल्या जमिनी आहेत. त्यांचा सत्ताप्रकार व शर्ती पाहिल्याखेरीज दराची बोलणी करणे म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय होय. मुळा धरणाच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनासाठी हस्तांतरणावर घातलेले निर्बंध कित्येक उताऱ्यांवर अजून उभे आहेत. राहुरी, पारनेर व नगर तालुक्यांतील के. के. रेंज ह्या लष्करी सरावक्षेत्रालगतच्या गावांना लष्करी संपादनाची धास्ती पिढ्यान्‌पिढ्या सोडीत नाही. भिंगारच्या छावणी हद्दीत पाऊल टाकले की कायदाच बदलतो. आणि देवस्थान इनामाची जमीन तर कोणत्याही तालुक्यात निघावी. तिचा वहिवाटदार पुजारी कितीही श्रद्धेने ती 'आमचीच' म्हणून दाखवो, ती विकण्याचा अधिकार त्याला नाही.

ह्या विविधतेतून वाट काढण्याचे साधन म्हणून लेखकाने सातबारा वाचण्याची जी रीत सांगितली आहे ती ह्या ग्रंथाचा गाभा आहे, आणि तिच्याजवळ थोडे थांबणे अवश्य आहे. राहुरी तालुक्यातील एखादा जुना, हस्तलिखित उतारा घ्या. वर गट नंबर. डाव्या हाताला भूधारणा पद्धती, आणि तेथे 'भोगवटादार वर्ग २' अशी अक्षरे असतील तर पुढचे सर्व वाचन दुप्पट सावधपणे करावे, कारण परवानगीवाचून झालेली विक्री शर्तभंग ठरून जमीन सरकारजमा होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. त्याखाली खातेदारांची नावे. काहींना कंस घातलेला, म्हणजे ती कमी झालेली. एका नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी तीन अक्षरे असतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर हा त्यांचा अर्थ, आणि त्यांचा आशय असा की थोरल्या भावाचे नाव लागलेले दिसले तरी धाकटे दोघे, त्यांची मुले, आणि बहिणी ह्या सर्वांचा हक्क त्या एका नावामागे उभा आहे. दुसऱ्या एका नावापुढे 'अ.पा.क.' असते, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तो अज्ञान अद्याप सज्ञान झालेला नसेल तर त्याच्या मालमत्तेच्या विक्रीस १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते, आणि सज्ञान झाला असेल तर सहीला तो स्वतः हजर पाहिजे. उजवीकडे इतर अधिकारांचा रकाना. तेथे सोसायटीचा बोजा, विहिरीतील हिस्सा, कुळाची नोंद, पुनर्वसनाचा शेरा, आणि कधी कधी न्यायालयातील दाव्याची नोंद अशी गर्दी असते; आणि खाली बारीक अक्षरांत फेरफारांचे क्रमांक वर्तुळांतून ओळीने मांडलेले असतात. सामान्य गिऱ्हाईक ह्या वर्तुळांकडे ढुंकूनही पाहत नाही. लेखकाचे म्हणणे असे की वाचन तेथूनच सुरू करावे: एकेका फेरफाराची नक्कल काढावी, आणि जमीन ह्या माणसाकडे आली ती वारसाने, वाटपाने, खरेदीने, की कुळकायद्याच्या ३२-ग खाली, हे उलट्या क्रमाने मागे मागे जात शोधावे. कूळ म्हणून मिळालेली जमीन असेल तर ३२-म चे प्रमाणपत्र कधीचे, त्याला दहा वर्षे झाली काय, आणि आकाराच्या चाळीस पट नजराणा भरला काय, एवढे तीन प्रश्न विचारले की निम्मी भांडणे जागच्या जागी मिटतात.

कागद पुरा झाला की जमिनीवर जावे. जमीन एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, नकाशावर बांध सरकले, आणि प्रत्यक्षात मात्र माणसे बापजाद्यांच्या वहिवाटीवर नांगर धरीत राहिली. त्यामुळे दाखवलेले शेत आणि विकलेला गट ह्यांत एका ताटीचे अंतर पडणे आमच्याकडे नवलाचे नाही. लेखकाने मोजणी व चतुःसीमा ह्यांवर दिलेला भर यथार्थ आहे. रस्त्याच्या बाबतीत त्याने केलेली सूचना तर सुवर्णाक्षरांनी नसली तरी निदान ठळक टाइपात छापण्याजोगी आहे: गिऱ्हाइकाला मोटारीतून ज्या वाटेने आणले ती वाट नकाशावर आहे का, की शेजाऱ्याच्या मेहेरबानीची आहे, हे त्याच दिवशी, त्याच बांधावर, शेजाऱ्यालाच विचारावे.

बहिणींच्या सहीविषयी मला लेखकापेक्षा अधिक लिहावेसे वाटते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर लग्नसराई नसतानाही नऊवारीतल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या दोन-तीन प्रौढ बाया झाडाखाली बसलेल्या दिसल्या की ओळखावे, कोणाचे तरी हक्कसोडपत्र आहे. सकाळी भाऊ किंवा दलाल त्यांना सासरच्या गावाहून जीपमध्ये घालून आणतो. "फक्त सही आहे गं अक्का, तासाभराचं काम," असे सांगितलेले असते. आत छायाचित्र निघते, अंगठ्याचा ठसा उमटतो, चहा होतो, आणि संध्याकाळच्या आत अक्का परत आपल्या घरी. ती सुखाने सोडीत असेल तर तो तिचा अधिकार आहे, आणि माहेरचा उंबरा टिकावा म्हणून कित्येक जणी जाणूनबुजून सोडतात हेही मला ठाऊक आहे. परंतु महाराष्ट्राने १९९४ साली, केंद्राने २००५ साली मुलीला सहदायादाचा दर्जा दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये तो जन्मसिद्ध असल्याचे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. त्यानंतरही तिला 'फक्त सही' म्हणून आणणारा मध्यस्थ आपल्या खरेदीदाराच्या गळ्यात पुढील वीस वर्षांचा दिवाणी दावा बांधीत असतो. मध्यस्थाने आठ दिवस आधी तिच्या घरी जावे, तिच्या मुलांसमक्ष दस्त वाचून दाखवावा, तिला काय मिळते आहे हे विचारावे. असे करणाऱ्यास भावाच्या घरी पुन्हा चहा मिळणार नाही, ही शक्यता आहेच.

आता मोबदल्याविषयी. शेकडा एक ते दोन अशी दलाली साधारणतः दोन्ही बाजूंकडून घेण्याची आमच्याकडे वहिवाट आहे, आणि तिच्यात गैर काही नाही. गैर आहे ते ह्या टक्क्याच्या आडून चालणारे दुसरे गणित: "मालकाला चाळीस सुटले पाहिजेत, वर जे काय निघेल ते आपलं." ही भाषा इतकी रुळली आहे की ती उच्चारणाऱ्याला आपण काही लपवीत आहोत असे वाटतही नाही. वस्तुतः १८७२ च्या करार कायद्याने ह्या बाबतीत कोणतीही संदिग्धता ठेवलेली नाही. मुखत्याराने मालकाच्या कामात योग्य ते कौशल्य वापरावे, मागितला की हिशोब द्यावा, अडचण आली की मालकाला कळवून त्याची आज्ञा घ्यावी, आणि मालकाच्या नकळत स्वतःच्या लाभासाठी व्यवहार केला तर तो लाभ मालकाला वसूल करता येतो: २११ ते २१६ ह्या कलमांत हे सर्व दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. अमेरिकेतील मध्यस्थांच्या राष्ट्रीय संघाने १९१३ साली स्वतःसाठी आचारसंहिता तयार केली तिचे कौतुक आपण ऐकतो. पण तिच्याही चाळीस वर्षे आधीचा आपल्याकडचा कायदा किती दलालांनी उघडून पाहिला असेल, हे विचारण्याची सोय नाही. लेखकाने सुचवले आहे की कागद तपासण्याची फी निराळी, ठराविक व आगाऊ घ्यावी, आणि व्यवहार झाल्यास ती दलालीतून वजा करावी. सबंध पुस्तकात मला ही सूचना सर्वांत मोलाची वाटली. कारण 'घेऊ नका' असे सांगणाऱ्याच्या पोटाला जोवर काही पडत नाही, तोवर तसे सांगण्याचा उपदेश हवेत विरणार, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'रेरा'ने, मध्यस्थाला नोंदणीच्या कक्षेत आणले ही स्वागतार्ह गोष्ट झाली. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील सदनिका वा भूखंड त्याने विकू नये, हिशोबाच्या वह्या ठेवाव्यात, खोटी जाहिरात करू नये, अन्यथा दिवसाला दहा हजार रुपये दंड. आणि २०२३ पासून महारेराने प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची केली. तथापि हा कायदा मोठ्या प्रकल्पांपुरता आहे: पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन, किंवा आठपर्यंत सदनिका, एवढा लहान प्रकल्प नोंदणीतून वगळलेला आहे. शेवगावातले जिरायत, जामखेडच्या पेठेतला जुना वाडा, सावेडीतली हातबदल होणारी सदनिका ह्यांना त्याचा स्पर्श नाही, आणि जिल्ह्यातील मध्यस्थांची बहुतांश रोजी ह्याच व्यवहारांवर चालते. प्रमाणपत्र भिंतीवर लावून मग शेतजमिनीत मनाला येईल तसे वागावे, अशी मुभा त्यातून काहींनी काढली आहे.

शिर्डी-कोपरगाव पट्ट्यातील अलीकडच्या तेजीवर लेखकाने एक सबंध प्रकरण खर्ची घातले आहे. काकडीचा विमानतळ २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला, सुरत-चेन्नई मार्गाच्या आखणीची चर्चा संगमनेरपासून जामखेडपर्यंत पसरली. आणि 'येथून रस्ता जाणार' हे तीन शब्द जमिनीचा भाव ठरवू लागले. पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक येते, ते शेतकरी नसते, म्हणून शेतजमीन थेट घेऊ शकत नाही, आणि मग त्याला दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा 'पुढे एनए होईल' ह्या आश्वासनावर नोटरीच्या कागदाने विकला जातो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे प्रमाणभूत क्षेत्र २०२३ साली जिरायतास वीस व बागायतास दहा गुंठे झाले. त्यापूर्वी नोंदणी खात्याने जुलै २०२१ मध्ये परिपत्रक काढून लहान तुकड्यांचे दस्त रोखले, आणि मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ते रोखणे बेकायदा ठरवले. अशा सतत हलत्या नियमांच्या बाबतीत मध्यस्थाने पाठांतरावर विसंबू नये. दस्ताच्या आठवड्यात कचेरीत जाऊन विचारावे. रकमेबाबत मात्र नियम स्थिर आहे: स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक विसार रोखीने घेता येत नाही, आणि रोखीचा आग्रह धरणाऱ्या विक्रेत्याविषयी त्या आग्रहानेच पुरेशी माहिती मिळालेली असते.

जाता जाता एक गंमत. नगर तालुक्यातील हिवरे बाजारच्या ग्रामसभेने गावची जमीन बाहेरच्याला विकावयाची नाही असा निर्बंध स्वतःवर घालून घेतला आहे. पाणलोटाच्या कामाने ज्या गावच्या जमिनीला खरी किंमत आली, तेथे दलालाला मात्र काही काम नाही. लेखकाने ह्या गावाचा उल्लेख टाळला आहे, आणि त्याचे कारण मी समजू शकतो.

खरेदीखत झाल्यानंतरच्या पंधरवड्याकडे मात्र पुस्तकाने पुरेसे लक्ष दिले आहे, ह्याचा मला संतोष वाटला. नोंदणी झाली म्हणजे मालक झालो अशा समजुतीत गिऱ्हाईक घरी जाते. वस्तुतः फेरफार धरला जाऊन हितसंबंधीयांना नोटिसा निघतात, हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच नवे नाव सातबारावर चढते. ह्या मुदतीत कोणी चुलत भाऊ हरकत घेतो, आणि नेमका तेव्हाच दलालाचा फोन लागेनासा होतो. दलालीचा शेवटचा हप्ता नोंद प्रमाणित झाल्यावर घ्यावा, ही लेखकाची सूचना अमलात आली तर फोन लागू लागतील असा माझा अंदाज आहे.

एका मुद्द्यावर मात्र लेखकाशी माझा मतभेद आहे आणि तो येथे नमूद करण्याची त्यानेच मला मोकळीक दिली आहे. खरेदीदार व विक्रेता ह्या दोघांचीही मध्यस्थी एकाच माणसाने करावी, मात्र दोघांस तसे लेखी कळवावे, असे त्याचे मत आहे. लहान गावात दुसरा दलाल आणायचा कोठून, हा त्याचा युक्तिवाद व्यवहार्य आहे. परंतु मालक चाळीसवर अडला आहे व पैशांची निकड असल्याने अडतीसला तयार होईल, हे ज्याला ठाऊक आहे तो खरेदीदाराला काय सांगणार? सांगितले तर एकाचा घात, न सांगितले तर दुसऱ्याचा. आणि लेखी कळवल्याने ही अडचण सुटत नाही, फक्त जाहीर होते. अशा वेळी त्याने दराच्या बोलण्यातून बाहेर पडावे, दोघांना समोरासमोर बसवावे, आणि आपण कागद, मोजणी व नोंद एवढेच पाहावे, असे मला वाटते. लेखकाला हे मान्य नाही. पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या नमुना-करारनाम्यात त्याने दुहेरी दलालीचे कलम कायम ठेवले आहे; ज्यांना माझे म्हणणे पटेल त्यांनी सही करण्यापूर्वी त्यावर रेघ ओढावी, आणि रेघेशेजारी दोन्ही पक्षांच्या आद्याक्षऱ्या घेण्यास विसरू नये.